आमची वाटचाल: एका ‘ए’ अक्षराचा फटका

1987 साली औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) पैठण गेटजवळ दहा बाय आठचा गाळा घेऊन मी आणि माझ्या मावसभावाने दुकान टाकलं. फ्लॅशगन, प्रोजेक्टर, एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं मशीन), जे येईल ते उघडायचं. सोल्डरिंग त्याचं, मोजमाप माझं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला काट्याचा मल्टिमीटर हे आमचं सगळं भांडवल. त्याची काच एकदा फुटली, तिच्या जागी एक्स-रेची धुतलेली फिल्म कापून बसवली. ती अजून आहे.

पहिली चार-पाच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते 1992 चं.

शहरातल्या एका मोठ्या कलर लॅबने सेकंडहँड ऑटोफोकस एन्लार्जर आणला. युरोपातला माल. निगेटिव्ह आणि लेन्स असलेलं हेड कॉलमवर, म्हणजे खांबावर, वर-खाली केलं की मोटर लेन्स आपोआप सरकवायची. 8 बाय 10 चे प्रिंट झकास, पण एका ठरावीक साइजला हमखास मऊ, म्हणजे अस्पष्ट, यायचे. मुंबईहून मोठी बॅग घेऊन एक इंजिनिअर आले, लेन्सवर ठपका ठेवला, पैसे घेतले आणि गेले. मग मशीन आमच्याकडे.

मोटर ठणठणीत, लेन्सही ठणठणीत. राहिले दोन पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर; आतल्या ट्रॅकवर वायपर नावाची पट्टी सरकते तसं व्होल्टेज बदलतं आणि त्यावरून जागा कळते. एक कॉलमवर हेडची उंची सांगणारा, दुसरा लेन्स कुठे आहे ते सांगणारा. या धंद्यातल्यांना माहीत आहे की 50 मिलिमीटरच्या लेन्सने आठपट मोठं करताना लेन्स ते पेपर 450 मिलिमीटर लागतात आणि सोळापटीला 850. तेवढ्यात निगेटिव्ह ते लेन्स अंतर 56.25 वरून जेमतेम 53.1 वर येतं. हेड हातभर वर आणि लेन्स फक्त तीन मिलिमीटर! उंचीच्या पॉटने थोडी जरी थाप मारली तरी केस दिसायचे बंद.

बोर्डाकडे जाणारी वायपरची वायर सुटी केली, पॉटच्या दोन टोकांना 5 व्होल्ट दिले, वायपरवर मीटर लावला आणि मावसभावाला हेड हळू, अगदी हळू वर न्यायला सांगितलं. काटा सरळ चढत गेला आणि एका जागी थरथरून खाली पडला. परत खाली, परत वर, तीच जागा. कॉलमवरच्या पट्टीवर बघितलं तर 12 बाय 15 ची उंची. लग्नाच्या फ्रेमचा साइज तो. हेड दिवसभर तिथेच यायचं, वायपर तिथेच घासायचा, ट्रॅक तिथेच झिजला होता. आजच्या पोरांना सांगतो, डिजिटल मीटर घ्या, पण ही एक चाचणी काट्यावरच करा. डिजिटलचा आकडा बदलेपर्यंत तो खड्डा निघून गेलेला असतो. आणि पॉटमध्ये गंज काढायचा स्प्रे मारू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं, महिनाभर बरं चालतं, मग शिव्या आपल्याला.

इथवर सगळं बरोबर होतं. माती पुढे झाली.

जुन्या पॉटवर 10के, म्हणजे दहा हजार ओहम, आणि शेजारी ‘ए’ लिहिलेलं. बाजारातून 10के ‘ए’ आणला. बसला छान. फोकस नव्याने जुळवून 6 बाय 8, 8 बाय 10, 10 बाय 12 काढून बघितले, तिन्ही धारदार. रात्रीचे साडेअकरा, दारात लॅबचा माणूस टेम्पो घेऊन उभा. मशीन दिलं.

युरोपच्या त्या पॉटवर ‘ए’ म्हणजे लिनियर, सारखा चढणारा. आपल्या बाजारात येणाऱ्या आशियाई मालावर ‘ए’ म्हणजे लॉग, आधी हळू मग झपाट्याने चढणारा, रेडिओच्या आवाजाचा, आणि लिनियरला ‘बी’. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्वस्त लॉग पॉटचा ट्रॅक म्हणजे दोन सरळ तुकडे जोडलेले. माझे तिन्ही साइज पहिल्या तुकड्यात बसले. दुसऱ्या दिवशी लॅबने 20 बाय 24 लावला, हेड जोडाच्या पलीकडे गेलं, व्होल्टेज एकदम उसळलं आणि मोटरने लेन्सची गाडी शेवटच्या टोकावर नेऊन आपटली. टोकाला मोटर थांबवणारा लिमिट स्विच तिथे होता. पण टेस्टिंगसाठी मी त्याला वायरने शॉर्ट केलं होतं आणि ती वायर काढायची राहिली होती. नायलॉनच्या गिअरचे सात दात गेले. पॉट मधोमध ठेवून एकदा मोजला असता, निम्म्याऐवजी दीड के दिसलं असतं, विषय तिथेच संपला असता. चूक माझीच. पण लग्नसराईत लॅब तीन आठवडे बंद राहिली आणि लॅबमालकाने माझं नाव गुलमंडीपासून उस्मानपुऱ्यापर्यंत पोचवलं, ते मात्र त्याने मनापासून केलं. मुंबईचे इंजिनिअर म्हणाले, “गावठी पोरांच्या हातात मशीन दिलं की असंच होतं.” ज्यांना झिजलेला ट्रॅक सापडला नाही, ते हे म्हणाले!

गिअर जालन्यात एका म्हाताऱ्या मिलिंगवाल्याकडून पितळेत कापून घेतला. पैसे माझे. तो गिअर लॅब बंद पडेपर्यंत चालला. आठ महिने दुकानात काम नाही. मावसभाऊ एक दिवस म्हणाला, “दादा, मी पुण्याला बघतो काहीतरी.” सोल्डरिंग आयर्न टेबलावर ठेवून गेला. त्याला दोष देत नाही.

त्या आठ महिन्यांत एकच गिऱ्हाईक येत राहिलं, लातूरचे फोटोवाले काका. एन्लार्जरचं हेड गोधडीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन यायचे. मी म्हटलं, “काका, बाजारात माझ्याबद्दल काय बोलतात ऐकलं ना?” “ऐकलं. म्हणून तर आलो. आता तू दोनदा मोजशील.”

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आठवड्याभरात ते पुन्हा आले. लोक त्यांच्याकडे लग्नातले ग्रुप फोटो आणत होते आणि त्यातला एकच चेहरा मोठा करून मागत होते. दुसरा फोटोच नव्हता त्या माणसाचा. निगेटिव्हवर तो चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. काकांचं मशीन त्या उंचीला फोकस सोडत होतं. रात्रभर बसून पॉट बदलला. या वेळी ‘बी’, मधोमध मोजून, दहा जागी काटा बघून आणि लिमिट स्विच स्वतः बोटाने दाबून. पहाटे बेसबोर्डवर ग्रेन फोकसर (फिल्मचे कण बघायचं भिंग) ठेवला. ग्रेन वाळूसारखा सुटा दिसला. काकांनी डोळा लावला, बराच वेळ काढलाच नाही. पैसे विचारले तर मी काही सांगितलं नाही, त्यांनी जबरदस्तीने शंभरच्या दोन नोटा मीटरखाली ठेवल्या.

पुढची दहा वर्षं ठीक गेली. मग डिजिटल आलं, एन्लार्जर भंगारात गेले. वाळूजच्या एका प्लास्टिक कारखान्यात मोल्डिंग मशीनचा साचा चुकीच्या जागी थांबत होता. उघडलं तर आत लांबडा पॉट, आणि साचा जिथे रोज थांबतो नेमका तिथे ट्रॅक झिजलेला. मला हसूच आलं. आज आमचं नव्वद टक्के काम तेच आहे, चार माणसं आहेत.

ती लॅब केव्हाच बंद झाली, तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पहिल्या दुरुस्तीचे 1,800 रुपये मालकाने अजून दिलेले नाहीत. वहीत ती ओळ मी खोडलेली नाही.