जॉर्डनच्या काळातलं बास्केटबॉल आणि आमचं शिवाजी नगर

काल शिवाजी नगरच्या ग्राउंडवर गेलो होतो, पोट्टे नुसते थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटवाले शॉट, मारत होते, आत घुसून लेअप, म्हणजे बास्केटजवळ जाऊन बॉल टाकायला, कोणी तयारच नाही. मी म्हटलं अबे लेअप तर मार एखादा, तर म्हणतो काका आता असंच खेळतात. काका!

खरं आहे म्हणा त्याचं. १९९७-९८ मध्ये एनबीएची, म्हणजे त्या अमेरिकन लीगची, एक टीम एका मॅचमध्ये १२-१३ थ्री मारून बघायची, आता ३५ च्या वर. आमच्या वेळी पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, मलोन, ओलाजुवनसारखे धिप्पाड खेळाडू पाठ लावून उभे राहायचे, बॉल आत द्यायचा अन् मग मजा बघायची. अन् बाहेरून बॉल घेऊन येणाऱ्याला डिफेन्सवाला कमरेवर हात ठेवून ढकलायचा, त्यावर २००४ नंतर रेफ्री कडक झाले.

जून ९८ ची फायनल, मायकेल जॉर्डनची शिकागो बुल्स विरुद्ध मलोनची युटा जॅझ, सहावी मॅच. आपल्याकडे १५ तारखेची सकाळ. मला स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरात कळला, खेळाच्या पानावर कोपऱ्यात चार ओळी, बुल्स जिंकली ८७-८६, जॉर्डनचे ४५. आधी मलोनच्या हातातून बॉल काढला अन् मग ५.२ सेकंद राहिले असताना शॉट, हे तर मी कितीतरी वर्षांनी मोबाईलवर पाहिलं! तोवर आम्ही तो शॉट मनानेच खेळत होतो, उन्हात, झिजलेल्या बॉलने, प्रत्येकजण जॉर्डन, मलोन व्हायला कोणीच तयार नाही.

आता थ्रीवाला स्टीफन करी पण आवडतो बरं का, खोटं कशाला बोलू. फक्त त्या पोट्ट्याला सांगितलं, उद्या येतो, पोस्टमध्ये उभा राहतो, हलवून दाखव. गुडघा आत्तापासूनच दुखून राहिला आहे.