तिघांतलं कुठलं?

माल्टाला कुणी ओळखीचं येणार असलं की दोन दिवस आधी मेसेज येतो. "व्हॅलेटा, मदिना, गोझो, सगळं ठरलंय. शेवटी अर्धा दिवस हातात आहे. तुमच्या तिकडच्या तीन गावांतलं कुठलं एक बघू?" आतेभावाने विचारलं, जर्मनीतल्या मैत्रिणीने विचारलं. परवा पुण्याच्या एका काकूंनी, ज्यांना मी कधी भेटलेलेही नाही, वहिनीकडून माझा नंबर घेऊन विचारलं. आजवर प्रत्येकाला घाईघाईत काहीतरी उत्तर दिलं. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

राजधानी व्हॅलेटातल्या वरच्या बराक्का बागेच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर बंदराच्या पाण्यात जमिनीची दोन बोटं शिरलेली दिसतात. डावीकडचं बिर्गू, उजवीकडचं इस्ला आणि दोघांच्या बेचक्यात बोर्मला. नकाशात ती अनुक्रमे व्हिट्टोरिओझा, सेंग्लेआ आणि कॉस्पिकुआ अशी सापडतील. ती नावं पाटीवरची. गावात कुणी वापरत नाही. तिन्ही गावं एकमेकांना इतकी खेटून आहेत की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे मला पहिले सहा महिने कळत नव्हतं. गावकऱ्यांना मात्र पक्कं कळतं. बिर्गूच्या माणसाला चुकून बोर्मलाचा म्हणून बघा.

मी बोर्मलात राहते, म्हणजे ज्याचे फोटो कुणी काढत नाही त्या गावात. भाडं परवडलं, एवढंच कारण. पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, मधाच्या रंगाचा मऊ दगड, रंगवलेल्या लाकडी बंद गॅलऱ्या आणि त्यांच्याखाली वाळत घातलेले कपडे. समोर तिसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत (आजीला इथे 'नन्ना' म्हणतात). पावाची गाडी वाजली की त्या दोरीला बांधलेली करंडी खाली सोडतात. पाववाला पैसे उचलतो, दोन गोल पाव आत टाकतो, दोरीला हिसका देतो आणि करंडी डुलत वर जाते. गिरगावच्या चाळीत माझी आत्या हेच करायची, फक्त तिच्या पिशवीत भाजी असायची. नन्नांनी मला पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं, "इस्लाला घर घेऊ नकोस, तिकडे वारा फार." इस्ला त्यांच्या खिडकीतून दिसतं.

वाऱ्यावरून आठवलं. आग्नेयेकडून येणाऱ्या दमट, धुळकट वाऱ्याला माल्टी भाषेत 'श्लोक' म्हणतात. उच्चार अगदी आपल्या मनाच्या श्लोकांसारखा. सहाराची धूळ घेऊन निघालेला वारा समुद्रावरून येताना ओला होतो, मग भिंतींना घाम फुटतो आणि मला मे महिन्यातली वसई आठवते. ही भाषा मुळात अरबीची लेक, लिहितात मात्र रोमन लिपीत. अर्धे शब्द इटालियन, पण मधूनच ओळखीचं कुणी भेटावं तसं होतं: पुस्तकाला 'क्तीब', जगाला 'दिन्या'. आपली किताब आणि दुनियाच ती.

आता बिर्गू. ज्याला त्याला तिथेच जायचं असतं आणि त्यात चूक काही नाही. ऱ्होड्स बेट हातचं गेलेल्या सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे एका लढवय्या ख्रिस्ती पंथाला, १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने माल्टा दिलं, वर्षाला एक बहिरी ससाणा एवढ्या खंडणीवर. ते उतरले बिर्गूत. १५६५ च्या उन्हाळ्यात तुर्की आरमाराने वेढा घातला तेव्हा बिर्गू आणि इस्ला यांच्यामधल्या खाडीच्या तोंडावर लोखंडी साखळी ताणली होती. सप्टेंबरात वेढा उठला, पुढच्याच वर्षी समोरच्या टेकडीवर व्हॅलेटाची पायाभरणी झाली आणि १५७१ मध्ये सरदारांनी बिर्गूतून बिऱ्हाड हलवलं. माझ्या मते बिर्गूचं सौंदर्य या हलवण्यात आहे. मोठी माणसं मोठे वाडे बांधायला पलीकडे गेली, म्हणून इकडच्या गल्ल्या दोन माणसं शेजारून जातील एवढ्याच राहिल्या. सरदारांची जुनी निवासं आहेत, पण त्यांच्या दाराशी आता कुंड्या आणि मांजरं. चौकशी न्यायाधीशाचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या इन्क्विझिटरचा वाडा जरूर बघा. कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेल्या खुणा आहेत, त्यांच्यापुढे गाइडची बडबड आपोआप थांबते. टोकाला सेंट अँजेलो किल्ला. चित्रकार काराव्हाज्जो १६०८ मध्ये इथे कैदेत होता आणि इथूनच निसटून सिसिलीला पळाला.

मी वसईची. किल्ला बघून हरखून जाणं आमच्याकडून होत नाही. सेंट अँजेलो आतून पाहिला, बरा वाटला. तो खरा दिसला एका संध्याकाळी इस्लाच्या धक्क्यावरून. मधे जेमतेम अडीचशे मीटर पाणी आणि पलीकडे खडकातून वर आलेला तो अख्खा दगड, मावळतीच्या उन्हात आधी पिवळा, मग गुलाबी, मग एकदम राखाडी. बिर्गूत उभं राहून बिर्गू दिसत नाही. तिथून दिसतं ते इस्ला. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे.

आणि इस्लाला लोक जातच नाहीत! "तिथे बघण्यासारखं काय आहे?" जुनं फारसं उरलेलं नाही हे खरं. जानेवारी १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात घायाळ झालेली 'इलस्ट्रियस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी इथल्या गोदीत शिरली आणि तिच्यावर पडायचे बॉम्ब आजूबाजूच्या घरांवर पडले. इस्लाचं चर्चसुद्धा गेलं, युद्धानंतर नव्याने बांधलं. त्यामुळे बऱ्याच इमारती पन्नास-साठच्या दशकातल्या, आपल्या सरकारी क्वार्टर्सच्या चुलतबहिणी. गाव पाव चौरस किलोमीटरही नाही. सरळ रस्त्याने टोकापर्यंत चालत गेलात की एक छोटी बाग लागते आणि तटाच्या कोपऱ्यावर दगडी टेहळणीची कोठी. तिच्यावर एक डोळा आणि एक कान कोरलेला आहे. बंदरात कोण येतंय जातंय यावर आमचं लक्ष आहे, असा निरोप. मला तो डोळा शेजाऱ्यांवर असल्यासारखाच वाटतो.

कारण चुरस आहेच. बिर्गूचा सण सेंट लॉरेन्सचा, १० ऑगस्टला. इस्लाचा ८ सप्टेंबरला, बाल-मेरीचा. तिची मूर्ती समुद्रात तरंगताना सापडली असं गावकरी सांगतात, आणि आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या देवांच्या कथा ऐकलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. बोर्मलाचा सण ऐन पावसाळी थंडीत, ८ डिसेंबरला. "पाऊस आला तरी मिरवणूक आमचीच मोठी," इति नन्ना. ८ सप्टेंबर हाच वेढा उठल्याचाही दिवस, त्या दिवशी बंदरात होड्यांच्या शर्यती असतात. एरवी मवाळ असलेले माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ त्या दुपारी धक्क्यावर उभे राहून जे शब्द वापरतात ते मी माल्टी शिकताना मुद्दाम टाळले.

या बंदराशी आपला एक विसरलेला धागाही आहे. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी मुंबईहून सात हजारांच्या आसपास हिंदी सैनिक जहाजांनी माल्टाला आणले होते. लढाई झालीच नाही. त्यांना बराक्काखालून ही तीन गावं कशी दिसली असतील, असं फेरीबोटीत बसले की अधूनमधून मनात येतं.

तर अर्धा दिवस. बराक्काची लिफ्ट घेऊन खाली धक्क्यावर या. फेरीबोट पकडलीत तर ती बोर्मलात उतरवते. पण शक्यतो रंगीत लाकडी होडी घ्या, 'दायसा' म्हणतात तिला. नावाडी पूर्वी उभं राहून वल्हवायचे, आता मागे इंजिन असतं. बिर्गूत उतरा, गल्ल्यांत हरवा, भूक लागली की पस्तित्सी खा. पापुद्र्यांची खारी, आत रिकोटा चीज किंवा वाटाणा. वाटाण्याची घ्या, सामोशाची लांबची नातेवाईक आहे. चहा मागा, तो दूध घातलेला आणि काचेच्या ग्लासात येतो. युरोपात राहून मला कटिंगची आठवण फार येत नाही ती यामुळे. मग खाडीच्या कडेकडेने बोर्मलातून चालत इस्लाला जा आणि उन्हं उतरायच्या आत धक्क्यावर बसा.

एक मात्र सांभाळा. पहिल्याच महिन्यात माझी व्हॅलेटाहून शेवटची फेरी चुकली. समोर पाण्यापलीकडे बोर्मलाचे दिवे दिसत होते आणि मी पुन्हा वर चढून, बससाठी ताटकळत, सगळ्या बंदराला वळसा घालून तासाभराने घरी पोचले. परतीची वेळ आधी बघून ठेवा.

आणि काकू, गुडघ्यांचं काय ते आधी कळवा. जेवायला माझ्याकडेच या, पण धक्क्यापासून दारापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. नन्ना करंडी सोडतील, पण त्यात फक्त पावच मावतात.