जिप्सी ठेवायची की काढायची

आमच्या मारुती जिप्सीची, म्हणजे चारही चाकांवर चालू शकणाऱ्या जुन्या जीपगाडीची, नोंदणी नोव्हेंबर 2025 मध्ये संपत होती. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं मिळतात. पुढे चालवायची असेल तर फॉर्म 25 भरायचा, गाडी आरटीओत नेऊन दाखवायची आणि पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यायची. त्यामुळे उन्हाळ्यातच घरात विषय निघाला आणि माणसं चार असून मतं पाच पडली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ही गाडी 2010 मध्ये नवी घेतली होती. त्यांचं म्हणणं, गाडीला काही झालेलं नाही. हे म्हणत होते, मारुतीचीच नवी जिमनी घेऊन टाकू. भाचा आला तो मोबाइलवर यादी घेऊनच: "मामी, काढू नका, अपग्रेड करा!" शेजारच्या काकांनी तर निकालच दिला, पंधरा वर्षं झाली, आता सरकार भंगारात घालतं. तसं काही नाही. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांचा नियम होता तो दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता (एनसीआर). आमचं इंदूर त्यात येत नाही. इथे गाडी तपासणीत पास झाली की चालते.

आमची गरज तशी साधी, पण अडचणीची. खंडवा रोडवर सिमरोळच्या पुढे शेत आहे. डांबरी संपली की गाडीवाट, आणि सगळी माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात तिच्यावरून कुठलीही गाडी जाते. आषाढात मात्र ती टायरच्या खाचांत अशी भरते की चाक गुळगुळीत होतं, मग मडगार्डच्या आत थापत थापत चाकच धरून ठेवते. तिथे ताकद कामाला येत नाही, हलकेपणा येतो. खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हातानं लॉक करायचे, छोटा लिव्हर 4एलवर, म्हणजे चारही चाकं हळू पण जोरानं फिरवणाऱ्या लो रेंजवर, टाकायचा, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा पाय ठेवून निघायचं, मधे थांबायचं नाही. हे सगळं जिप्सी निमूटपणे करते, कारण ती टनभरही भरत नाही.

बाकी ठिकाणी ती काय आहे, तेही लिहायला हवं. एअरबॅग नाही, एसी नाही, महामार्गावर साठच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागायचं, आणि अण्णांना चढताना खाली स्टूल लागतं. गाडी काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूनंही बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

मी ठरवलं, आधी खालून बघू, मग बोलू. देवास नाक्याकडचे आमचे उस्ताद जुन्या जीपगाड्यांचं काम करतात. त्यांनी गाडी वर घेतली आणि इंजिनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हातात छोटा हातोडा आणि जुना स्क्रूड्रायव्हर. पुढून सुरुवात करून चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर वीतभर अंतरानं ठोकत गेले. लोखंड शाबूत असलं की आवाज खणखणीत येतो. आतून गंजलं असलं की बसका, ओल्या फळीसारखा. पुढचा आणि मधला भाग खणखणत राहिला. मागच्या चाकाच्या पलीकडे आवाज बदलला. उस्तादांनी मागच्या आडव्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला आणि तो बोटभर आत गेला. तपकिरी पापुद्रे त्यांच्या तोंडावर पडले.

मागचाच भाग का, हे फरशीवरची रबरी मॅट उचलल्यावर कळलं. पंधरा वर्षं मागे खताची पोती लादली. युरिया हवेतलं पाणी ओढतो, त्याचे दाणे मॅटखाली जाऊन बसतात, आणि खालून शेतातला ओला चिखल चेसिसच्या कोपऱ्यात भरलेला. दोन्हीकडून लोखंड खाल्लं गेलं. इंदूरला समुद्र नाही म्हणून गंजाची काळजी नाही, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. खत वाहणाऱ्या गाडीला ते लागू नाही.

उस्ताद हात पुसत म्हणाले, "भाभी, इंजन तो फिर बन जाएगा, चेसिस गई तो गाड़ी गई." आमची गेली नव्हती. दोन्ही मुख्य दांड्या आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल, म्हणजे कड्या, जिथे लटकतात ती जागा ठीक होती. आडवी पट्टी, बॉडीचं एक माउंट आणि फरशीचा पत्रा एवढं कापून नवं लावायचं होतं. शॅकलच्या जागीच स्क्रूड्रायव्हर आत गेला असता, तर मी त्याच दिवशी गाडी काढली असती. तिथे ठिगळ लावून घाटात उतरायची माझी तयारी नाही.

बाकीचं दुखणं वयाचं होतं. थरथर किंग पिनच्या, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीच्या, बेअरिंगची निघाली. जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या नि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सला जोडलेली नसते, ती मागे वेगळी, रबरी माउंटवर टांगलेली असते. ती रबरं फाटल्यामुळे क्लच सोडला की खाली दणका बसायचा. पाट्यांचे बुश, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ब्रेकचे सिलिंडर. इंजिनचं कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं आलं, तेव्हा ते न उघडायचं ठरलं. सगळ्याचा अंदाज दोन लाखांच्या आत बसत होता.

मग नव्या गाड्या बघितल्या, त्याही मनापासून. जिमनी चालवायला फार गोड आहे. खाली तीच शिडीसारखी चेसिस, पुढेमागे अखंड अॅक्सल, लो रेंजचा वेगळा लिव्हर, आणि वर एसी नि सहा एअरबॅग. महामार्गावर अण्णांना घेऊन जायला याहून चांगली गाडी मला नको होती. पण मागची सीट उभी असताना डिकी 208 लिटरची, म्हणजे दोन पिशव्या आणि एक डबा. सीट पाडली तरी त्या स्वच्छ गाद्यांवर खताचं पोतं टाकायला माझा हात धजला नसता. महिंद्रा थारची रुंदी 1820 मिलिमीटर, जिप्सीची 1540. रामबागेत आमच्या गल्लीत समोरून ई-रिक्षा आली की हा वीतभराहून जास्तीचा फरक फार मोठा होतो. फोर्सची गुरखा आपल्या पिथमपूरची, पुढेमागे डिफरेन्शियल लॉक, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसरं फिरत राहतं, कंपनीतूनच बसवलेला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनसाठी वरून हवा घेणारी नळी; अण्णा तिच्या पायरीकडे बघून नुसते हसले.

तेवढ्यात 22 सप्टेंबरला जीएसटी बदलला आणि घरात पुन्हा गणितं सुरू झाली. बारीक वाचल्यावर कळलं की 18 टक्क्यांचा दर छोट्या गाड्यांना: पेट्रोल 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत, लांबी चार मीटरच्या आत. थारचं 1.5 लिटर डिझेल त्यात बसतं, पण ते फक्त मागच्या चाकांवर चालतं. फोर बाय फोर हवी असेल तर थार काय, 1462 सीसीची जिमनी काय, दोन्ही 40 टक्क्यांत. आमच्या मातीला 18 टक्क्यांतली गाडी उपयोगाची नव्हती.

जुनी रीतसर भंगारात दिली तर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, तोही विचार झाला. पण 2019 पासून सामान्य ग्राहकाला नवी जिप्सी मिळत नाही, त्यामुळे चालू स्थितीतल्या जुन्या जिप्सीला गिऱ्हाईक आहे. ती वजनावर घालणं वेडेपणा ठरला असता.

राहिली भाच्याची यादी: गाडी दोन इंच उंच करणारी लिफ्ट, मोठे मड टायर, रुतलेली गाडी तारेनं ओढणारी विंच, वर एलईडी पट्टी, आणि शेवटी डिझेल इंजिन. त्याची हौस मला कळते, पण यादीतलं बरंचसं आमच्या दुखण्यावरचं औषध नव्हतं. मोठे टायर लावले की गिअर लांब पडतात, ऐंशी हॉर्सपॉवरचं इंजिन चढावर दमतं, स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि नव्या किंग पिनवर भार वाढतो. मूळ 205/70 आर 15 मापातच खोल खाचांचे टायर मिळतात, तेच घेतले. डिझेल इंजिन मी हसण्यावारी नेलं नाही, कारण ते करून देणारे भेटतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ नोंदीपासून हटलेल्या बदलांच्या विरुद्ध आहेत. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन म्हणजे अपघात झाला की विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने पाडले: गाडी पुन्हा मूळची करणारं काम एकीकडे, तिला दुसरंच काही बनवणारं दुसरीकडे. दुसऱ्या रकान्यातलं काहीच घेतलं नाही. ह्यांनी रकाने बघून एवढंच विचारलं, "मग लांबच्या प्रवासाचं काय?" त्याचं उत्तर सरळ होतं: जिप्सी लांबच्या प्रवासाला न्यायचीच नाही. पुण्याला जायला घरची वॅगन आर आहे. शेतावरही अण्णा तिच्यातूनच डांबरी संपेपर्यंत येतात आणि शेवटच्या तुकड्यापुरतं स्टूल काढतो. एकाच गाडीनं दोन्ही करावं, हा हट्ट सोडल्यावर वाद आपोआप मिटला.

काम चालू असताना एका गोष्टीवर मी उभी राहून लक्ष ठेवलं. चेसिसवर कोरलेला नंबर. तपासणीत तो वाचता यायलाच हवा, आणि वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर किंवा खालून मारायचं काळं कोटिंग तो सहज मिटवू शकतं. आधी रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं जागा साफ केली, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. एकेक अक्षर उमटलं तेव्हा फोटो काढला आणि मगच तिथे ग्रीस लावून चिकटपट्टी मारली. कोटिंग झाल्यावर ती काढली.

आरटीओसाठी पुढचा लोखंडी बुलबार उतरवला. डिसेंबर 2017 मध्येच केंद्रानं असल्या गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, चालू विमा, पीयूसी आणि थकलेली चलनं हे आधीच निस्तरलं. पंधरा ते वीस वर्षांच्या मोटारीला नूतनीकरणाची फी 5,000 रुपये आहे. वीस वर्षांपुढे ऑगस्ट 2025 पासून 10,000 झाली. नायता मुंडल्याला तपासणीत दिवे, ब्रेक, हॉर्न, नंबर बघितला आणि गाडी पास झाली. नवी मुदत 2030 पर्यंत.

खताची पोती आता मागे ताडपत्रीवर ठेवतो आणि पावसाळा संपला की चेसिसचे कोपरे आतून पाण्यानं धुऊन घेतो. बुलबार भाच्याला हवा होता, तो दिला नाही, भंगारवाल्याला दिला. उस्तादांनी पुढे अवघड होत जाणाऱ्या सामानाची यादी लिहून दिली आहे: पुढच्या चाकांजवळच्या नकलचे सील, ट्रान्सफर केसची माउंटं, किंग पिनचा एक जादा सेट. त्यातली माउंटं मिळाली, बाकीचं शोधायचं काम भाच्यावर सोपवलं आहे.