फिल्टर कुठला पाठवू?

जुलैत एखाद्या गावात पाणी शिरल्याची बातमी आली की माझा फोन वाजतो. "ताई, पूरग्रस्तांना फिल्टर पाठवायचाय. कुठला चांगला?" विचारणाऱ्याचा जीव तुटत असतो, चार जणांकडून पैसेही गोळा झालेले असतात. पिण्याच्या पाण्याचं काम करते म्हणून माझ्याकडून एक नाव हवं असतं. ते मला देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून, का देता येत नाही ते लिहिते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतरच्या दिवसांत नदीकाठच्या एका वाडीतल्या विहिरीतून मी बादली वर ओढली. पाण्यात हात घातला, तर मनगटाखालची बोटं दिसेनात. शेजारच्या शाळेच्या पडवीत कुणीतरी पाठवलेलं आरओ मशीन उभं होतं, वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. वाडीत लाइट नव्हती. असती तरी त्या गाळापुढे मशीन किती टिकलं असतं? पाठवणाऱ्यांनी मनापासून पाठवलं होतं, म्हणूनच ते बघून जास्त वाईट वाटलं.

गढूळ पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकली तर बराचसा क्लोरीन गाळच खातो, जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून आधी विहीर उपसायची, गाळ काढायचा, कठडा घासायचा. तोवरचं पाणी पिंपात घ्यायचं, तुरटी फिरवायची, ढवळणं थांबवायचं आणि वाट बघायची. गाळाचे कण एकमेकांना धरून जड होतात, तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी अलगद दुसऱ्या पिंपात घ्यायचं, मग त्यात टीसीएल. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी: काचेच्या नळीत पाणी, त्यात ओटी नावाच्या औषधाचे थेंब. पिवळी छटा आली की क्लोरीन शिल्लक आहे.

हा शिल्लक क्लोरीन फार मोलाचा. फिल्टरमधून निघालेलं पाणी कितीही स्वच्छ असलं तरी ते घरी हंड्यात जातं, हंड्यात पेला बुडतो, पेल्याबरोबर पोराची बोटं बुडतात. तिथून पुढे त्या पाण्याला राखण नसते. जगभरच्या मदतकार्यात मानली जाणारी 'स्फिअर' मानकं लिटरमागे किमान ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक ठेवायला सांगतात, ते याचसाठी. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबणं नको, हेही त्यातच आहे.

पण मानक जिभेला कळत नाही. त्याच वाडीत एक काकी मला म्हणाल्या, "ताई, चहाला औषधाचा वास येतो हो. आमचे हे पीतच नाहीत." त्या गुपचूप पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी भरत होत्या. चूक माझी होती. पहिल्या दिवशीचा जोरदार डोस मी आठवडाभर तसाच चालू ठेवला होता. ज्या पाण्याचा चहा होत नाही ते पाणी घरात टिकत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

काकींच्या कळशीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला असायचा. बांगलादेशातल्या मतलब भागात याच सवयीचा अभ्यास झाला आणि तो २००३ साली छापून आला. जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडावर अडकतात. धुऊन धुऊन धागे फुगलेले असतात, म्हणून जुनी साडी नव्या साडीपेक्षा चांगलं गाळते. कापडाने सगळे जंतू जात नाहीत, टीसीएल लागतंच. तरी आधीच घरात असलेल्या गोष्टीला जोड देणं मला नवी वस्तू आणून ठेवण्यापेक्षा कधीही बरं वाटतं.

आणि पूर ओसरला तरी काम सरत नाही. आमच्याकडे कोकणात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जांभा दगड तो फार काळ धरून ठेवत नाही. जुलैत जी वाडी बुडते, तीच मे महिन्यात टँकरची वाट बघते. म्हणजे विहीर बारा महिने सांभाळायची आणि सांभाळणारं माणूस वाडीतलंच हवं.

त्या वाडीतली विहीर ३ मीटर व्यासाची. दर मीटर पाण्यामागे साधारण ७,००० लिटर होतात. रोजच्या शुद्धीकरणाला १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल लागते, म्हणजे मीटरमागे १८ ग्रॅमच्या आसपास. आम्ही विहिरीच्या आतल्या भिंतीवर तळापासून मीटरमीटरवर पांढऱ्या रेघा मारल्या आणि प्लास्टिकच्या डब्याचं बूड कापून १८ ग्रॅमचं माप केलं. जितक्या रेघा पाण्याखाली तितकी मापं बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी विहिरीत सोडायचं. पावडरचा डबा घट्ट बंद ठेवायचा, नाहीतर तिचा जोर उडून जातो.

हे सगळं एका तरुण मुलाला शिकवलं होतं. गणपती झाल्यावर तो नोकरीला मुंबईला गेला. माप त्याच्या आईने हातात घेतलं. त्यांना वाचता येत नाही, रेघा मोजता येतात. परवाच त्यांचा फोन आला होता.

"ताई, चार रेघा बुडाल्यात, चार मापं टाकली. रंग पिवळा येतोय. पण ती थेंबांची बाटली संपत आली. कुणी येणार असेल तर दोन पाठवा."

तुम्हाला पाठवायचंच असेल तर सध्या त्या दोन बाटल्या हव्या आहेत.