मंदावलेला संगणक आणि घाईची खरेदी

घरातला पाच-सहा वर्षांपूर्वीचा संगणक सुरू व्हायला बराच वेळ घेऊ लागला की घरोघरी दोनच उपाय सुचवले जातात: नवा घ्या, नाहीतर एखादे ‘पीसी क्लीनर’ टाका. ओळखीचे लोक मला याबाबत नेहमी विचारतात आणि मी त्यांना आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहायला सांगते. कारण न शोधता केलेला खर्च बहुधा वाया जातो, आणि फसवणूक होते ती याच घाईत.

विंडोजवर हे तपासण्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर, म्हणजे चालू कामे दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडतो. संगणक सुरू करून दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि कोणताही प्रोग्राम न उघडता सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने पाहावेत. डिस्कचा आकडा 100 टक्क्यांवर अडकून बसला असेल आणि सीपीयूला मात्र फारसे काम नसेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपमधल्या अशा डिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला 5400 फेरे घेते आणि हवी ती माहिती वाचण्यासाठी तिचा वाचक काटा योग्य जागी सरकेपर्यंत दर वेळी काही मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना असंख्य छोट्या फाइली वाचाव्या लागतात, त्यामुळे प्रोसेसर चांगला असूनही तो वाट पाहत राहतो. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसतो. जुन्या संगणकाला एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मेमरीचा रकाना सतत भरलेला दिसत असेल तर रॅम (म्हणजे हीच मेमरी) वाढवावी. टास्क मॅनेजरमध्येच, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. तिथले अनावश्यक प्रोग्राम बंद करणे हा फुकटातला उपाय आहे. पैसे घेऊन रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरचा मला आजवर उपयोग दिसलेला नाही. आणि ब्राउझरमध्ये अचानक पडदाभर इशारा येऊन ‘या क्रमांकावर फोन करा’ असे सांगितले जात असेल, तर तो सरळ सापळा समजावा, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो. अशा वेळी टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा.

एक गोष्ट मात्र एसएसडीनेही सुटत नाही. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा व मदत, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय व ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. ज्या संगणकाला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत, त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत; त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकता येते का हे अवश्य पाहावे.

सुटा भाग घेताना लॅपटॉपचे मॉडेल पाहून, कोणती रॅम चालते आणि एसएसडीसाठी कोणती जागा आहे, हे कंपनीच्या संकेतस्थळावरून लिहून घ्यावे. डीडीआर3 प्रकारच्या रॅमच्या जागी डीडीआर4 बसत नाही, आणि एम.2 ची (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) जागा दिसली म्हणजे तिथे एनव्हीएमई ही जास्त वेगवान एसएसडी चालेलच असे नाही. काही ठिकाणी फक्त साटा या जुन्या, कमी वेगाच्या प्रकारची एसएसडी चालते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत संगणकच सोबत नेता आला, तर भाग समोर बसवून पाहता येतो. पण ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे कधीही मान्य करू नये. भागाचा सीरियल नंबर लिहिलेले जीएसटी बिल हातात नसेल, तर वॉरंटीचा दावा करताना अडचण येते.

ऑनलाइन खरेदीत सर्वाधिक फसवणूक मी साठवणुकीच्या साधनांत पाहिली आहे. अविश्वसनीय स्वस्त ‘2 टीबी’ पेन ड्राइव्हच्या आत प्रत्यक्षात छोटी चिप असते आणि तिचा कंट्रोलर संगणकाला खोटी क्षमता सांगतो. सुरुवातीच्या फाइली नीट उघडतात, म्हणून ग्राहक निर्धास्त राहतो. खरी क्षमता संपल्यावर नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा नुसत्या नावापुरत्या उरतात. परतीची मुदत संपण्यापूर्वीच एच2टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण ड्राइव्ह भरून आणि परत वाचून तपासावा. वेळ लागतो, पण यात शंका उरत नाही.

संकेतस्थळ नामांकित असले तरी विक्रेता वेगळा असतो, हे विसरू नये. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला कळणे आवश्यक आहे, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच व महिन्याभरात निराकरण द्यायचे असते. तसे झाले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ग्राहकसेवेचा क्रमांक मात्र कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्यावा. गुगलवर शोधून मिळालेल्या क्रमांकावरचा माणूस परताव्यासाठी स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकायला किंवा यूपीआय पिन द्यायला सांगत असेल, तर फोन ठेवावा, कारण पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे.

काढलेली जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल तर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपसाठी वापरता येते. ती भंगारात देणार असाल, तर फाइली नुसत्या डिलीट करणे किंवा ‘क्विक फॉरमॅट’ करणे पुरेसे नाही, कारण तेवढे केल्यानंतरही आधार कार्ड, बँकेची पासबुके आणि फोटो परत मिळवता येतात. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक’ समोरची खूण काढून टाकली की संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. हे काम रात्री लावून ठेवले की सकाळपर्यंत बहुधा पूर्ण झालेले असते.