हायड्रॉक्सी, पुढे काय?

नागपूरच्या धंतोलीत एका जेनेरिक मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. चिठ्ठी वाचायची आणि गोळ्यांचा पत्ता काढून द्यायचा, एवढंच हे काम असं लोकांना वाटतं. त्या दिवशीची चिठ्ठी अजून डोक्यातून जात नाही.

गडचिरोलीकडचे एक गृहस्थ बारा वर्षांच्या मुलासाठी औषध न्यायला आले. चिठ्ठी घामाने ओली, आणि घडी नेमकी औषधाच्या नावावर. ‘हायड्रॉक्सी’ एवढं दिसत होतं, पुढे शाईचा डाग. मिलिग्रॅमचा आकडाही त्यातच गेलेला.

या नावाने सुरू होणारी तीन औषधं आमच्याकडे तेव्हा एकाच फळीवर असायची. हायड्रॉक्सीझिन खाजेसाठी, १० किंवा २५ मिलिग्रॅमचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सांधेवातासाठी, बहुधा २०० चं. हायड्रॉक्सीयुरिया ५०० ची कॅप्सूल, सिकलसेलमध्ये, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजारात देतात, रक्ताच्या काही कर्करोगांतही.

“खाज येते का मुलाला?”

“नाही जी, हातपाय लय दुखते पोट्ट्याचे. रातभर झोपत नाही.”

सहकाऱ्याने लगेच हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा डबा ओढला. तर्क अगदीच वाईट नव्हता. सांधे दुखतात, खालच्या ओळीत फॉलिक ॲसिड ५, आणि सांधेवाताच्या चिठ्ठ्यांत ते पुष्कळदा असतं. पण पूर्व विदर्भातल्या पोराचे हातपाय असे दुखत असतील तर आधी सिकलसेल आठवायला हवा, आणि फॉलिक ॲसिड तिथेही देतातच. म्हणजे दुखणं आणि जोडीचं औषध, दोन्हींवरून काहीच ठरेना.

मग बारीक अक्षरं पाहिली. नावाआधी ‘कॅप’ होतं, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी येते. कोपऱ्यात वजन, २८ किलो. रोज एक ५०० ची धरली तर किलोमागे साधारण १८ मिलिग्रॅम, सिकलसेलच्या डोसात बसणारं. तळाशी ‘दोन आठवड्यांनी सीबीसी’, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, कारण हायड्रॉक्सीयुरियाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात.

तरीही मी कॅप्सूल काढली नाही, फोन लावला. डॉक्टर वैतागले, “चिठ्ठीत लिहिलंय ना!” मी हायड्रॉक्सीयुरियाचं स्पेलिंग एकेक अक्षर सांगितलं, तेव्हा हो म्हणाले. हायड्रॉक्सीयुरियाच. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ पासून आहे. त्यातल्या ‘शक्यतो’चा आडोसा घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वडिलांना सांगितलं, कॅप्सूल फोडायची नाही, रक्ताची तपासणी चुकवायची नाही, ताप आला तर घरी थांबायचं नाही.

सहकाऱ्याचा हात चपळ आहे, मालक त्याचं कौतुक करतात. गर्दीच्या वेळी चपळाई लागते हे मान्य, पण ती चिठ्ठी वाचून झाल्यावर. नंतर मी तिन्ही डबे वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले, नावांची शेवटची अक्षरं ठळक मोठी लिहून चिकटवली. कोणीतरी ते पुन्हा एबीसीडीप्रमाणे शेजारीशेजारी लावले. मालक म्हणतात, शोधायला सोपं पडतं. मी ते परत हलवले आहेत.