टाइल्स निवडण्याआधी पार्किंगमध्ये जा

तीस वर्षं जुना टू-बीएचके, बाथरूम झिरपतंय, ओट्यापाशी दोघांना उभं राहता येत नाही. मग घरात वाद सुरू होतो: हेच घर नीट करायचं की दुसरं बघायचं? बहुतेक जण तडक टाइल्सच्या दुकानात जातात. आधी जायला हवं ते सोसायटीच्या ऑफिसात.

तिथे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. अहवालच नाही म्हणाले, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. मग पार्किंगमधले कॉलम आणि जिन्याखालचा स्लॅब बघा. गजाच्या रेषेत भेगा, तांबूस डाग, हातोडीने हलकं ठोकल्यावर भदभद आवाज, म्हणजे आतलं लोखंड गंजलंय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. वरून प्लास्टर मारलं तर दोन पावसाळे झाकलं जाईल, इतकंच. अशा इमारतीत किंवा पुनर्विकास तोंडावर आलेला असताना फक्त गळती थांबवा आणि रंग द्या. मॉड्युलर किचन नंतर.

घर बदलायचा हिशोब मात्र कागदावर करा. पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट घेतला तर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5,60,000, नोंदणी 30,000. दलाली दोन्हीकडे 1 टक्का धरली आणि जुना फ्लॅट 60 लाखांना गेला, तर आणखी 1,40,000. झाले 7,30,000, आणि यात एक खिळाही ठोकलेला नाही. (फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे.) तेवढ्या पैशात जुन्या घराचं काय होईल, हा प्रश्न मग खरा होतो. खोलीच कमी पडत असेल तर मात्र भिंती हलवून फार काही साधत नाही.

राहायचं ठरलं तर बाथरूमपासून सुरुवात. टाइलवर टाइल बसवू नका. पाणी फरशीत नसतं, खालच्या कोब्यात (फरशीखालचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) मुरलेलं असतं. स्लॅबपर्यंत फोडा, नहाणी ट्रॅप (सांडपाण्याच्या तोंडाचं भांडं) आणि जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप बदला, पाइपाभोवतीची भोकं ग्राउटने भरा, वॉटरप्रूफिंगचे दोन हात भिंतीवर फूटभर चढवा. मग 48 तास पाणी तुंबवून खालच्या घराचं छत बघा. कोबा झाल्यावर पुन्हा तुंबवा. कंत्राटदार नेमकी ही दुसरी चाचणी गाळतात, आणि गळती बहुधा त्यानंतरच कळते. उतार दर मीटरला किमान 1 सेंमी.

हॉलमध्ये जुन्या फरशीवर सिमेंट-वाळूचा 50 मिमी मसाला घालून नवी बसवायची टूम निघते. 10 बाय 10 फुटांच्या खोलीत नुसत्या मसाल्याचं वजन 900 किलोच्या वर जातं. जुनी उखडा, नाहीतर ॲडहेसिव्हने चिकटवा.

ओपन किचनसाठी भिंत पाडण्याआधी इमारत लोड बेअरिंग (कॉलमऐवजी भिंतींवर भार पेलणारी) आहे का ते अभियंत्याला विचारा. तशी असेल तर 9 इंची भिंतीला हात नाही. वायरिंग उघडलंच आहे तर एसी आणि गीझरला 4 चौमिमीची स्वतंत्र लाइन आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घालून घ्या. कंत्राटात राडारोडा कोण उचलणार हे लिहून घ्या, कारण तो जिन्यात पडून राहिला की भांडण तुमच्या दारात येतं.